तीन दरवाज्यावरचा मराठी अंमलातला लेख आणि पोळींमधली एक सकाळ (अमदावाद)

शेवंती | रविवार, रात्री १०.४०

तीन वर्षं झाली आम्हाला अमदावादला येऊन, पण राहणं सगळं साबरमतीच्या पश्चिमेला. जुन्या शहराशी संबंध म्हणजे लग्नसराईत रतनपोळेत जाऊन साड्या घ्यायच्या आणि रिक्षा पकडून परत यायचं, एवढाच. गेल्या महिन्यात आई डोंबिवलीहून आली. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरतात, पण दिवसभर घरात बसून राहणं तिला जमत नाही. "मला मॉल नको दाखवूस, गाव दाखव," म्हणाली. म्हणून महापालिकेच्या हेरिटेज वॉकला दोघींची नावं नोंदवली. हा वॉक १९९७ पासून चालू आहे. २०१७ साली युनेस्कोने अमदावादला जागतिक वारसा शहर ठरवलं, भारतातलं पहिलंच.

सकाळी आठला काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापाशी जमायचं. मंदिर १८२२ सालचं, त्या संप्रदायाचं पहिलं. आम्ही चौदाजण होतो. आमचा वाटाड्या तिशीतला मुलगा, स्वतः पोळीत जन्मलेला. सुरुवातच त्याने इथल्या म्हणीने केली, "जब कुत्ते पे सस्सा आया, तब बादशाह ने शहर बसाया." १४११ साली अहमदशहाने नदीकाठी ससा शिकारी कुत्र्यावर उलटलेला पाहिला, अशा मातीतली माणसंही धीट निपजतील म्हणून इथेच शहर वसवलं, अशी दंतकथा.

आपल्याकडे पोळ म्हणजे देवाला सोडलेला वळू. इथे पोळ म्हणजे वेशीला दरवाजा असलेली छोटी वस्ती. दरवाज्यावर राखणदाराची खोली, आत बोळाला फुटलेले बोळ, त्यातल्या एकेका कोपऱ्याला 'खांचो' म्हणतात (आपली खाच!), आणि मध्ये सगळ्यांचा मिळून चौक. चौकात खांबावर उभा चबुतरा, पक्ष्यांना दाणे घालायला. शहरात झाडं राहिली नाहीत तर पाखरांनी बसायचं कुठे, म्हणून दगडालाकडाचं झाड उभं केलं, असं तो मुलगा म्हणाला. बोळ पुढे बंद झालाय असं वाटावं आणि तिथल्या एका अरुंद दारातून वाकून गेलं की माणूस थेट शेजारच्या पोळीत निघतो. दंगाधोप्यात बायकामुलांना बाहेर काढायची ती वाट.

एका घरातल्या बांनी आम्हाला आत बोलावलं. (वयस्कर बाईला इथे 'बा' म्हणतात.) चौकाच्या फरशीत एक गोल झाकण होतं, ते त्यांनी दोन्ही हातांनी सरकवलं. खाली काळोख, आणि काळोखात फार खोलवर आमच्या डोक्यांच्या सावल्या हलल्या. हे टांकं. छपरावरचं पावसाचं पाणी नळीतून थेट इथे उतरतं. पहिला पाऊस सोडून द्यायचा, छप्पर धुऊन निघालं की मग पाणी आत घ्यायचं. आत चुन्याचा गिलावा, उजेडाला कुठून वाव नाही, त्यामुळे पाणी वर्षभर नासत नाही. आईने विचारलं, "शेवाळ धरत नाही?" बांनी उत्तर द्यायच्या ऐवजी पोहऱ्याने पाणी काढून तिच्या ओंजळीत घातलं. आई प्यायली. मी जरा घाबरले होते, पण काही झालं नाही. "विहिरीपेक्षा गोड आहे गं," एवढंच म्हणाली.

हाजा पटेलनी पोळीत काळा रामजी आहे. नाशिकला आजोळ असल्यामुळे आई काळ्या रामाच्या नावानेच हरखली. पण हा राम बसलेला! काळ्या पाषाणाचा, शांत बैठकीतला. आपण राम उभाच पाहिलेला असतो, त्यामुळे ती बराच वेळ गाभाऱ्यासमोरून हलेना. पुढे कुवावाळो खांचो म्हणून एक जागा आहे. तिथे एकाच चौकाभोवती मुघल, मराठी आणि इंग्रजी धाटणीची दर्शनी कामं एकमेकांसमोर उभी. मराठी धाटणीच्या घरापाशी वाटाड्या थांबला, तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की इथे आपल्या अंमलाचीही साठ वर्षं गेली आहेत.

हरकुंवर शेठाणीची हवेली बाहेरूनच पाहिली. लाकडी कोरीव टेकूंची अशी रांग मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. नवरा हठीसिंग वारल्यावर त्याने आरंभलेलं जैन मंदिर या बाईने १८४८ साली पुरं करून घेतलं.

माणेकचौकात आलो तेव्हा सराफांची दुकानं उघडत होती. हा चौक दिवसातून तीनदा कपडे बदलतो: पहाटे गाईंना चारा, दिवसा सोनंचांदी, रात्री खाण्याच्या गाड्या. चौकाला नाव माणेकनाथ बाबाचं. बादशहा दिवसा तटबंदी चढवायचा, तेव्हा बाबा गोधडी शिवत बसायचा. रात्री बाबा टाके उसवायचा, की भिंत कोसळायची. शेवटी बादशहाने त्याची समजूत काढून चौकाला त्याचं नाव दिलं, असं एकजण सांगतो. दुसरा सांगतो की सुरईत शिरून दाखव म्हणून त्याला फसवलं आणि वरून तोंड बंद केलं. 'गोदडी' हा शब्द ऐकून आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातच्या दोन गोधड्या माझ्या घरात आहेत.

वॉक संपतो तो जामा मशिदीत. १४२४ सालची, आत २६० खांब. साडेदहा वाजले होते, भूक लागली होती. वाटाड्याने पाचसहाजणांना गांधी रोडवर फाफड्याच्या दुकानात नेलं.

तिथे मी खाण्याआधी दहा मिनिटं नुसती बघत उभी होते. कारागिरापुढे गुळगुळीत झालेला लाकडी पाट. बेसनाच्या घट्ट पिठाची सुपारीएवढी गोळी पाटावर ठेवायची, तळहाताचा खालचा भाग तिच्यावर रोवून हात पुढे सरकवायचा. एकाच सरकवण्यात वीतभर लांब पट्टी तयार. लगेच पात्याची लांब सुरी पट्टीखालून सर्रकन घालायची, पट्टी सुटून उचलली जाते, तशीच तेलात. पाट, सुरी, कढई. तो माणूस बोलत होता शेजाऱ्याशी, हात आपले चालू. ओवा आणि पापडखार घातलेल्या पिठाचा वास, कागदावर गरम फाफडे, बाजूला हळद-मोहरीत परतलेला कच्च्या पपईचा संभारो, तळलेली मिरची, बेसनाची पातळ कढी आणि जिलबी. तिखट-तुरट-गोड असं आळीपाळीने खायचं. आईने दुसऱ्यांदा मागून घेतलं.

खाताना त्या मुलाने आम्हाला विचारलं, तुम्ही कुठल्या? मराठी म्हटल्यावर हात पुसत उभा राहिला. "मग तुम्ही तीन दरवाजा बघितल्याशिवाय जायचं नाही. तिथे तुमचा कागद आहे." कागदच म्हणाला.

तीन दरवाजा मशिदीपासून पाच मिनिटांवर. अहमदशहाच्याच काळातल्या तीन उंच कमानी, खालून रिक्षा, हातगाड्या, कापडाचे गठ्ठे. एका खांबात पांढऱ्या दगडाची पाटी बसवलेली आहे, देवनागरीत कोरलेली. अक्षरं झिजली आहेत, सगळी लागत नाहीत. १० ऑक्टोबर १८१२ ची. सुभेदार चिमणाजी रघुनाथाचा हुकूम: मुलींना बापाच्या मिळकतीतला हिस्सा काही आडकाठी न करता द्यावा, ही विश्वनाथाची आज्ञा. जो मोडेल त्या हिंदूने महादेवाला जाब द्यावा, मुसलमानाने अल्ला-रसूलला.

वाटाड्याने अर्थ सांगितला आणि तो निघून गेला. आई पाटीपाशी उभी राहिली. चष्मा काढून, पुसून, परत लावून एकेक अक्षर लावत होती. मग म्हणाली, "आजोबांच्या घराची हक्कसोड मी ८६ साली करून दिली. तू पोटात होतीस. मामाने कागद पुढे केला, खाली फुली होती तिथे सही केली. एक साडी मिळाली, मोरपंखी." मला साडी माहीत होती. कागदाचं मला कुणीच कधी बोललं नव्हतं. मामा वाईट माणूस नाही, आमच्यावर त्याचा फार जीव. आईला त्या पैशांची आस आहे असंही नाही. ती म्हणाली, "मला एवढंच वाटतं, की वाच म्हणून कुणी म्हटलं असतं."

मला या पाटीबद्दल आणखी जाणून घ्यायचं आहे. इथे इतिहासाची जाण असलेले खूपजण आहेत. आणि ज्यांचं अमदावादशी जुनं नातं आहे त्यांनीही लिहा.

हिरवाचाफा | रविवार, रात्री ११.१५

किती मनापासून लिहिलं आहेस! ओंजळीतलं पाणी आणि मोरपंखी साडी, दोन्ही डोळ्यांसमोर उभं राहिलं. आईंना माझा नमस्कार सांग.

खाण्याचं म्हणशील तर गुजराती लोक दसऱ्याला फाफडा-जिलबीच्या रांगेत उभे असतात, आणि आपण श्रीखंडाच्या. माझी शेजारीण तळेगावात राहूनही दसऱ्याला सकाळी फाफडा शोधत फिरते. संभारो घरी करून पाहिला आहे: पपई पूर्ण हिरवीच हवी, किस फार परतायचा नाही, कच्चटपणा थोडा राहिलाच पाहिजे.

बखरवाचक | सोमवार, सकाळी ७.५०

सुंदर धागा. तुम्ही विचारलंत म्हणून थोडी पार्श्वभूमी, आणि एक कटू गोष्टही सांगतो.

१७५३ साली रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी अमदावाद घेतलं. १७५६ ला खंबायतचा नवाब मोमीनखान याने ते परत जिंकलं आणि लांबलेल्या वेढ्यानंतर १७५८ ला ते पुन्हा मराठ्यांकडे आलं. तिथून १८१७ पर्यंत अंमल दुहेरी: भद्रच्या किल्ल्यात पेशव्यांचा सुभेदार, शहराच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या हवेलीत गायकवाडांचा माणूस. वसूल वाटून घ्यायचा. ज्या गावाला दोन धनी, तिथली रयत दोन्हीकडून पिळली जाते. मोगली वैभवाच्या काळाच्या मानाने शहर या साठ वर्षांत ओसाडत गेलं, हे आपण मान्य करायला हवं. मध्ये १७८० साली इंग्रजांच्या जनरल गॉडार्डने शहर जिंकलंही होतं, सालबाईच्या तहाने ते परत मिळालं.

१८०० नंतर पेशव्यांचा हिस्सा गायकवाडांनी इजाऱ्याने (म्हणजे ठरावीक रकमेवर वसुलीचा मक्ता) घेतला. त्याची मुदत १८१४ ला संपली. ती वाढवून घ्यायला बडोद्याचे गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला आले आणि २० जुलै १८१५ ला पंढरपुरात त्यांचा खून झाला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांवर आळ आला, इंग्रजांना निमित्त मिळालं आणि १८१७ च्या पुणे कराराने पेशव्यांना गुजरातेवरचे हक्क सोडावे लागले. शाळेत आपण हा खून पाठ केला, पण त्याच्या मुळाशी अमदावादचा इजारा होता हे फार थोड्यांच्या लक्षात असतं.

तुमच्या आईंनी वाचली ती पाटी या ओढाताणीच्या शेवटच्या वर्षांतली आहे. मला तिच्याबद्दल एक वाटतं. हुकूम दगडात कोरून भर बाजारात लावावा लागतो, तेव्हा लोक तसं वागत नसतात हे उघड आहे. कुणाच्या तरी लेकी तक्रार घेऊन भद्रला गेल्या असतील. त्यांची नावं त्या पाटीवर नाहीत.

वाडेकरी | सोमवार, सकाळी ११.०५

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे लाकडावरच बोलतो.

पोळीतलं घर आणि पुण्याचा वाडा यांचं हाड एकच: चौक, लाकडी सांगाडा, विटांचं भरण. फरक रुंदीचा. वाडा पसरतो. पोळीतलं घर तोंडाशी अरुंद आणि आत लांबच लांब, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याच्या. उन्हाळ्यात ४५ अंशांत ही घरं आतून थंड राहतात, कारण बोळ इतके चिंचोळे की भिंतींवर ऊन फार वेळ टिकतच नाही, आणि मधल्या चौकातून गरम हवा वर निघून जाते.

पोळीतल्या विटांच्या भिंतीत ठरावीक उंचीवर लाकडी पट्ट्या आडव्या घातलेल्या असतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अमदावादेत कितीतरी नव्या बहुमजली इमारती पत्त्यांसारख्या बसल्या, आणि पोळींतली शंभर-दीडशे वर्षांची घरं बहुतेक उभी राहिली. लाकूड लवतं, भिंतीला बांधून ठेवतं. ही घरं आता भावाभावांत वाटणी होऊन कुलपात पडली आहेत. कुलूप लागलं की पहिल्या तीन पावसाळ्यांत छप्पर गळतं, चौथ्यात तुळई कुजते. शेवंतीताई, पुन्हा गेलात तर दर्शनी टेकूंच्या मुळाशी बघा, जिथे टेकू भिंतीत शिरतो. तिथलं लाकूड काळं पडलं असेल तर ते घर आजारी आहे.

खाडियाचा_नातू | सोमवार, दुपारी ३.२०

हा धागा मुलीने दाखवला, आणि मी सहा वर्षांनी इथे लिहितो आहे. माझा जन्म अमदावादच्या खाडियातला, १९५१ चा. आजोबा रत्नागिरीहून कारकुनीसाठी आले ते इथलेच झाले. शाळा गुजराती, घर मराठी. आजी वरणाला गूळ घालण्यावरून आईशी बोलायची, "हे काय गुजराथ्यांसारखं?" आणि स्वतः मात्र चहाबरोबर शेजारून आलेला खाखराच खायची.

आमच्या पोळीत अकरा घरं, त्यांत आमचं एकच दक्षिणी. (मराठी माणसाला तेव्हा 'दक्षिणी' म्हणायचे.) उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पहाटे पाचला सगळे छपरावर, पतंग उडवायला. कौलांवरून पळायचं, एका घराच्या धाब्यावरून दुसऱ्याच्या, खाली उतरायचंच नाही. जेवण वर यायचं, उंधियुं आणि जिलबी. आई तिळगूळ घेऊन वर यायची आणि सगळ्या पोरांच्या हातावर ठेवायची. त्या पोरांना 'तिळगूळ घ्या गोड बोला' पाठ झालं होतं, अर्थ न कळता. अंधार पडला की पतंगाच्या दोरीला कंदील बांधून सोडायचे, त्याला तुक्कल म्हणतात. पोळीच्या वर काळ्या आभाळात पिवळ्या दिव्यांची माळ. मी नंतर खूप गावं पाहिली, पण अजून ती माळच डोळ्यांपुढे येते.

दादासाहेब मावळंकर आमच्या घरात देवासारखे. जन्म बडोद्याचा, शिक्षण आणि वकिली अमदावादेत, इथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष आणि पुढे लोकसभेचे पहिले सभापती. वडील सांगायचे, मराठी माणूस परगावात कसा राहावा ते दादासाहेबांकडे बघून शिका. ते गुजराती इतकं छान बोलायचे की त्यांना कुणी परकं मानलंच नाही.

तीन दरवाज्याचा अखंड दिवा बघितलात का? लक्ष्मी रात्री शहर सोडून निघाली होती. दरवाज्यावरच्या कोतवालाने तिला अडवलं, "बादशहाची परवानगी घेऊन येतो, तोवर थांबा" म्हणाला आणि जाऊन स्वतःचंच शिर उतरवून दिलं. तो परत येणार नाही, म्हणून लक्ष्मी कायमची थांबली. तिच्यासाठी तिथे दिवा जळतो, आणि त्यात तेल घालण्याचं काम एक मुसलमान घराणं पिढ्यान्‌पिढ्या करत आलं आहे. आजी मला बोटाला धरून तिथे न्यायची, दिव्याला हात जोडायला. त्याच कमानीखालून मी हजारदा गेलो. पाटी मात्र कधी वाचली नाही. सत्तरी ओलांडल्यावर तुमच्या आईंमुळे कळतं आहे.

काळा_कोट | सोमवार, रात्री ९.००

मी दिवाणी वकिली करते. शेवंती, तुझ्या आईंचं वाक्य मी आज दोनदा वाचलं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी किमान निम्म्या हेच सांगतात: सही केली, वाचलं नाही, कुणी वाच म्हटलं नाही.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आला, देशभर २००५ साली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ ला वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क राहतो. चिमणाजी रघुनाथाच्या हुकमापासून मोजलं तर कायद्याला एवढं म्हणायला पावणेदोनशे-दोनशे वर्षं लागली.

नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजी मोडता येत नाही, तेव्हा आईंच्या बाबतीत मी काही सुचवत नाही, आणि त्यांना ते नकोही आहे हे तू लिहिलंच आहेस. पण हा धागा वाचणाऱ्या मुलींनो: हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोडा, तो तुमचा आहे. फक्त कागद आदल्या दिवशी घरी आणा. सबरजिस्ट्रारच्या ओट्यावर पहिल्यांदा वाचू नका. भाऊ चांगला असेल तर तो देईलच.

हिरवाचाफा | सोमवार, रात्री ९.४०

काळा_कोट, हे मी माझ्या दोन्ही भाच्यांना पाठवते आहे.

एक_वाटसरू | मंगळवार, सकाळी १०.१०

डिसेंबरात आईवडिलांना घेऊन जायचा विचार आहे. वडिलांना पायऱ्या जमत नाहीत. झेपेल का? आणि रात्रीचा माणेकचौक त्यांना दाखवावा का?

शेवंती | मंगळवार, दुपारी १.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. खाडियाकर काकांचा दिव्याच्या माळेचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला.

एक_वाटसरू, पायऱ्या फारशा नाहीत, पण अडीच तास उभं राहणं-चालणं आहे आणि बोळांत फरसबंदी वरखाली आहे. मंदिरं आणि मशीद असल्यामुळे चपला सतत काढाव्या लागतात, तेव्हा बंदाचे बूट नकोत. आई प्रत्येक पोळीत ओट्यावर बसत होती. कुणीही उठवत नाही, उलट आतून पाणी येतं. कवी दलपतरामांच्या घरापाशी तर ओट्यावर कवींचा पुतळाच बसलेला आहे, बाबांना त्यांच्या शेजारी बसवा. डिसेंबर उत्तम. एप्रिल-मेमध्ये मात्र वडीलधाऱ्यांना नेऊ नका.

माणेकचौक रात्री मोठ्या गर्दीचा. नऊच्या आत पोचलात तर बसायला मिळतं. मला तिथलं हल्लीचं चीज-चॉकलेटचं सँडविच आवडलं नाही, सगळ्यावर किसलेल्या चीजचा डोंगर असतो आणि खालच्या पदार्थाची चवच लागत नाही. घुघरा आणि कुल्फी मात्र जरूर.

वाडेकरी, टेकूची मुळं बघायला मी परत जाणार आहे, नक्की.

खाडियाचा_नातू | मंगळवार, सायंकाळी ६.००

माणेकचौकापेक्षा लहान गोष्टी सांगतो. घीकाट्याला नवताडचे समोसे: अंगठ्याएवढे, आत चण्याची डाळ, डझनावारी खायचे. पहिला पाऊस पडला की दाळवडे, मूगडाळीचे, कांदा आणि मिठात घोळवलेल्या मिरचीबरोबर. आणि लाल दरवाज्याजवळ लकीचा चहा आणि मस्कापाव. तिथे टेबलांच्या मधून खऱ्या कबरी आहेत, हिरव्या रंगाच्या, कठड्यातल्या. रोज सकाळी त्यांच्यावर फुलं ठेवतात. भिंतीवर चित्रकार हुसेन यांनी दिलेलं चित्र आहे. लोक नवल म्हणून जातात. आम्ही कॉलेजात असताना कबरीशेजारचं टेबल मिळालं की गप्प बसायचो, आवाज आपोआप खाली यायचा. ती सवय अजून राहिली आहे.

बखरवाचक | मंगळवार, रात्री ८.२५

खाडियाकर, तुम्ही हे सगळं लिहून ठेवा. दक्षिणी घरांच्या आठवणी कुठल्याच दप्तरात सापडत नाहीत. वेगळा धागा काढा, आम्ही सगळे वाचू.

बडोदेकर_मी | रविवार, दुपारी ४.४५

धागा वाचून राहवलं नाही. आज सकाळच्या गाडीने बडोद्याहून लेकीला घेऊन गेले. ती अकरावीत आहे.

तीन दरवाज्यात पाटी पटकन सापडेना. दोन्ही बाजूंच्या खांबांना विक्रेते टेकून बसलेले. एका काकांनी पाटीसमोरच पिशव्या टांगल्या होत्या, चेनवाल्या, रंगीबेरंगी. मी गुजरातीत विचारलं, "भाई, यहीं वो लेख छे ने, दीकरीओनो?" (मुलींबद्दलचा तो लेख इथेच ना?) गडबडीत हिंदी मिसळली. त्यांना कळलं. त्यांनी एकेक पिशवी हुकावरून काढून खांद्यावर घेतली, बारा-पंधरा असतील, आणि त्या तशाच खांद्यावर घेऊन बाजूला उभे राहिले. म्हणाले, "वाचो, बेन, निरांते वाचो." सावकाश वाचा.

लेकीने मोबाइलचा दिवा तिरका धरला, तेव्हा अक्षरांच्या खोबणीत सावली पडली आणि बरंच काही लागलं. 'विश्वनाथ' तिने स्वतः वाचलं. शेवंती, पुन्हा गेलीस तर दिवा समोरून नको, डाव्या बाजूने धर. फोटो काढले आहेत. आईंना दाखव, आता अक्षरं नीट दिसतील.